काळ्या रानावर ग्लायडर: बांधणी, तोल आणि थर्मल

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक ग्लायडरला मोटर असते ती फक्त वर चढायला; पुढे ते थर्मलवर, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेवर, तरंगतं. एफ5जे या अशाच ग्लायडरांच्या स्पर्धेत 10 मिनिटांच्या फेरीत मोटर एकदाच, तीही जास्तीत जास्त 30 सेकंद चालवता येते, आणि जितकी उंची घ्याल तितके गुण कापतात: 200 मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा, त्यापुढे मीटरमागे 3. खरं उड्डाण मोटर थांबल्यावर सुरू होतं. बांधताना हे सतत डोक्यात ठेवा.

पंख दोन मीटरचा, रुंदी सरासरी 18 सेंटिमीटर, सगळं मिळून वजन 900 ग्रॅमच्या आत. बाल्साच्या फासळ्या, मुख्य दांडीला वर-खाली कार्बनची पट्टी, आणि दोन पट्ट्यांमध्ये बाल्साचा पडदा. या पडद्याचे रेषे उभेच हवेत. आडवे बसवले तर सुरकांडीतून वर घेताना पट्ट्या एकमेकींवर दबतात आणि पंख मुळाशी मोडतो. शेपूट शक्य तितकी हलकी करा. मागे वाढलेला एक ग्रॅम पुढे तीन-चार ग्रॅम शिसं मागतो.

3एस (तीन सेलची) 1300 एमएएच लिपो बॅटरी, 20 अँपिअरच्या आसपास ओढणारी ब्रशलेस मोटर, 40 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि 11x6 इंची, मिटणारा घडीचा पंखा पुरतो. ईएससीमध्ये ब्रेक चालू ठेवा, नाहीतर पंखा मिटत नाही, फिरत राहतो आणि ग्लायडरला मागे ओढतो. एप्रिलच्या उन्हात लिपो बंद गाडीत ठेवू नका.

आता तोल. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून 60 मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, दोन बोटांवर उचलून बघा. मग पहाटे, वारा पडलेला असताना, उंचावर मोटर बंद करून सरळ ट्रिम करा (हात न लावता सरळ उडेल असं रिमोटवर जुळवा), नाक खाली दाबा आणि रिमोटची काडी सोडून द्या. झटक्यात वर आलं तर नाक जड आहे. आणखी खाली घुसायला लागलं तर शेपूट जड, लगेच सावरा. सावकाश, मोठ्या वळशानं वर आलं की जमलं. बॅटरी एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच सरकवा, आणि दर वेळी ट्रिम नव्यानं करा.

थर्मलच्या बाबतीत मराठवाडा भाग्यवान आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते, नांगरलेलं काळं रान दहा-साडेदहालाच तापतं, आणि शेजारी पाण्याखालचा ऊस गारच असतो. या दोन्हींच्या धुऱ्यावरून हवा सुटते. आमच्या बालाघाटाच्या माळावर मी आधी तिथंच जातो. पंख न हलवता गोल चढणारी घार दिसली तर तिच्याखाली जा. लांबची बारकी वावटळ हीसुद्धा खूणच, पण जमिनीलगत तिच्यात घुसू नका. एक पंख आपोआप उचलला गेला तर त्याच बाजूला वळा. नवखा माणूस नेमका उलट वळतो. गोल साधारण 25 मीटरचा ठेवा. थर्मल वाऱ्याबरोबर सरकतं, तेव्हा परतीपुरती उंची राखूनच मागे जा.

डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं रान आधी बघा. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात, उंचीची मर्यादा 400 फूट (सुमारे 120 मीटर), आणि चालू विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूटच. 400 फुटांच्या रानात मी मोटर 60 मीटरवर बंद करतो, म्हणजे थर्मलला वर जागा उरते.

उतरताना फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची आतली झडप) पुरते खाली, एलेरॉन (त्याच कडेची बाहेरची झडप) थोडे वर, आणि नाक उचललं जाऊ नये म्हणून एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) किंचित खाली, असं रिमोटमध्ये एकत्र जोडून (मिक्स करून) ठेवा. ज्वारीच्या धसकटांत मात्र कधीच उतरवू नका, पंखावरची पातळ फिल्म फाडून ती फासळ्यांपर्यंत जातात. गवताळ पड किंवा मऊ पाळी घातलेलं रान उड्डाणाआधीच हेरून ठेवा.