कॅरिबियनची तयारी: आधी माणसं, मग जेवण, मग बेट

"आम्ही यंदा कॅरिबियनला जाणार," असं कुणी सांगितलं की मी विचारते, म्हणजे नक्की कुठे? जमैका ते त्रिनिदाद हे अंतर मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त आहे. एका बेटावर इंग्रजी बोलतात, दुसऱ्यावर फ्रेंच चालतं आणि खिशात युरो लागतात, तिसऱ्यावर स्पॅनिश येत नसेल तर जेवण मागवतानाच घाम फुटतो. फोटो मात्र सगळीकडचे सारखेच: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. पाण्याचा रंग बघून बेट ठरवायचं म्हटलं तर निर्णयच होत नाही.

म्हणून यादीची पहिली ओळ बेटाची नको, आपल्या माणसांची हवी. कागद घ्या आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: काय खातो, सकाळी किती वाजता उठतो, आणि दोन दिवस काहीच न करता बसू शकतो का. हे तिसरं फार महत्त्वाचं. सहलीला जाऊन नुसतं बसायचं म्हणजे पैसे वाया, असं मानणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतंच. त्यांना अरुबाच्या किनाऱ्यावर आठवडाभर आरामखुर्चीत बसवलं, तर तिसऱ्या दिवशी ते हॉटेलच्या बागेतली झाडं मोजायला लागतात. "मला सगळं चालतं" म्हणणाऱ्यांनाही नीट विचारून घ्या, कारण त्या 'सगळं'मध्ये बीफ आणि पोर्क येतं का, याचा विचार बहुतेकांनी केलेलाच नसतो. या बेटांवर वरवर शाकाहारी दिसणाऱ्या कितीतरी पदार्थांत चवीपुरतं खारवलेलं डुकराचं मांस पडतं. पालेभाजीच्या कॅलालूत पडतं, डाळी-शेंगांत पडतं, क्युबातल्या काळ्या घेवड्यात तर हमखास. "यात मटण आहे का?" एवढं विचारून भागत नाही, "शिजवताना काय काय घातलं?" असं विचारावं लागतं.

घरात एक जरी पक्का शाकाहारी असेल, तर माझं बोट सरळ त्रिनिदादवर जातं. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) घेऊन तिथे पोहोचलं. १९१७ पर्यंत १,४०,००० हून अधिक माणसं तशीच गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. त्यांच्या चुली अजून पेटलेल्या आहेत. सकाळी रस्त्याच्या कडेला 'डबल्स'च्या गाडीपुढे रांग लागते: हळदीचे दोन मऊ बारे (तळलेल्या पुऱ्या), त्यांत चण्याची रस्सेदार उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचा सॉस. कागदात गुंडाळून मिळतं, उभ्या उभ्या खायचं. विक्रेता तिखटाचं विचारेल तेव्हा पहिल्या दिवशी 'स्लाइट' म्हणा. तिथली स्कॉच बॉनेट मिरची लवंगी पचवणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी आणते. दक्षिणेला देबे गावात गेलात तर 'सहीना' मागा. अळूची पानं आणि डाळीचं पीठ घालून तळलेली ती वस्तू बघून कोकणातला माणूस अळूवडीची आठवण काढणारच, पण त्यात आपला गूळ नसतो, तेव्हा आशा बेताची ठेवावी. रोटीच्या दुकानात डाळपुरी मिळते आणि 'बस अप शट' मिळते, म्हणजे तव्यावर लाकडी उलथण्यांनी कुस्करलेला मऊ पराठा. सोबत चणा-आलू, भोपळ्याची 'तलकारी', भाजी असं मागता येतं. फक्त शेजारच्याच भांड्यात बोकडाचा रस्सा असतो, त्यामुळे चमच्याची काळजी असणाऱ्यांनी ती आधीच बोलून दाखवावी. लोक वाईट वाटून घेत नाहीत, त्यांच्यातही काटेकोर शाकाहारी आहेत.

मासेखाऊ मंडळींसाठी बार्बाडोस. कू-कू (मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला प्रकार) आणि सोबत फ्लाइंग फिश, हे तिथलं राष्ट्रीय जेवण. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्स गावी मासळीबाजाराशेजारी भट्ट्या पेटतात, मासे भाजले-तळले जातात, गाणी वाजतात; त्या संध्याकाळी दुसरा कुठलाही बेत ठेवू नका. त्रिनिदादच्या मराकस किनाऱ्यावर तळलेल्या पावात शार्क देतात, पण त्याऐवजी किंगफिश मागावा. तो आपल्या सुरमईच्याच कुळातला, आणि शार्कपेक्षा मला तरी जास्त आवडतो.

जमैकाची गोष्ट निराळी. बॉस्टन बे या गावचं जर्क, म्हणजे मसाला चोळून पिमेंटोच्या (ऑलस्पाइसच्या) लाकडावर सावकाश भाजलेलं मांस, हे मांसाहाऱ्यांनी चुकवू नये. शाकाहाऱ्यांना तिथे रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण सापडतं: नारळाचं दूध, कंद, घेवडा, मीठ बेताचं किंवा नाहीच. अकी हे तिथलं राष्ट्रीय फळ शिजवल्यावर भुर्जीसारखं दिसतं, पण बहुधा खारवलेल्या माशाबरोबर येतं. झाडावरून तोडून मात्र ते कधी खाऊ नये. आपोआप न उकललेलं कच्चं अकी विषारी असतं. मार्टिनिक आणि ग्वादलूपला तमिळ मजुरांनी नेलेला 'कोलोंबो' नावाचा मसाला घरोघरी आहे, सकाळी बेकरीतला फ्रेंच पाव आहे. दुपारी दोननंतर पोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. क्युबाला जेवणासाठी जाऊ नका. संगीत, हवानाच्या इमारती, गप्पा यांसाठी जा, पण वस्तूंचा तुटवडा आणि वीज जाणं गृहीत धरून. ऑक्टोबर २०२४ मध्ये सबंध देशाची वीज एकदम गेली होती.

आता माणसं. लोक प्रेमळ आहेत का, असं सगळेच विचारतात. मी विचारते, ते तुम्हाला भेटणार कुठे? सगळं एकाच पैशांत असलेल्या रिसॉर्टमध्ये आठवडा काढला तर भेटतात ती फक्त कामावर असलेली माणसं, आणि त्यांचं हसणं त्यांच्या नोकरीचा भाग असतो. त्रिनिदाद तेल आणि वायूवर चालतं, पर्यटनावर नाही. त्यामुळे तिथे हॉटेलं थोडी ओबडधोबड, सेवा सावकाश, पण कुणी तुमच्यासाठी खास चेहरा चढवून उभं नसतं. २०११ च्या जनगणनेत तिथली सुमारे ३५ टक्के लोकसंख्या भारतीय वंशाची होती. तुम्ही भारतातून आलात हे कळलं की प्रश्न सुरू होतील. त्यांच्याशी हिंदीत बोलायला जाऊ नका, भोजपुरी आता गाण्यांत आणि स्वयंपाकघरातल्या शब्दांत उरली आहे. त्यापेक्षा क्रिकेट काढा. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्याच मैदानावर वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. सरदेसाईंनी शतक ठोकलं, गावसकरांचं तर ते पदार्पण. पुढे त्या मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा काढल्या आणि तिथल्या लोकांनी त्यांच्यावर कॅलिप्सो (तिथलं लोकगीत) रचलं. म्हातारे गृहस्थ या विषयावर तुम्हाला तासभर सोडणार नाहीत.

बार्बाडोसचे लोक शिष्टाचाराला जपणारे. तिथेच नव्हे, बहुतेक इंग्रजी बेटांवर दुकानात शिरल्या शिरल्या "हे केवढ्याला?" म्हणणं उद्धटपणा समजतात. आधी 'गुड मॉर्निंग', मग बाकीचं. फ्रेंच बेटांवर तर 'बाँझूर' न म्हणता काही मागितलं तर थंड नजर मिळते. जमैकात उलट बोलणं मोठं आणि थेट. माँटेगो बेच्या पर्यटकी रस्त्यांवर विक्रेते मागे लागतात, त्यांना हसून पण स्पष्ट 'नाही' सांगायला घरातल्या भिडस्त माणसांना आधीच शिकवून ठेवा. सुरक्षिततेबाबत सगळ्या बेटांना एकच मोजमाप लावू नये. त्रिनिदादमध्ये डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गुन्हेगारीमुळे आणीबाणी लावली होती. म्हणजे जाऊच नये असं नाही, पण निघण्याआधी त्या आठवड्याच्या बातम्या वाचाव्यात आणि अंधार पडल्यावर अनोळखी वस्तीत भटकू नये.

सुट्टीच्या स्वभावानुसार जोड्या लावायच्या तर: बसणारे आणि फिरणारे एकाच कुटुंबात असतील तर त्रिनिदाद आणि टोबॅगो. त्रिनिदादचा समुद्र ओरिनोको नदीच्या गाळाने बरेचदा मातकट दिसतो, हे कुणी आधी सांगत नाही. पण कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी लालभडक शराटी पक्षी झाडांवर उतरतात, मार्च ते ऑगस्टमध्ये उत्तर किनाऱ्यावर प्रचंड लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात (परवाना लागतो), आणि निळं पाणी हवं असणाऱ्यांना टोबॅगोला धाडता येतं. डोंगर चढणाऱ्यांनी डॉमिनिका बघावं. किनारे थोडे, पण उकळतं तळं आणि रानवाटा. आजी-आजोबा बरोबर असतील तर बार्बाडोसचा पश्चिम किनारा किंवा ग्रेनेडाचा ग्रँड आन्स, दोन्हीकडे पाणी शांत. अटलांटिककडच्या बाजूला लाटा उसळतात, आणि वसंतापासून पावसाळ्यापर्यंत सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येऊन कुजतं. खोली घेताना 'समुद्रासमोर' एवढं वाचून थांबू नका, कोणत्या समुद्रासमोर ते बघा. आणि कृपा करून एका सहलीत पाच बेटं कोंबू नका. बेटाबेटांतली विमानं महाग, वेळा बेभरवशाच्या, दोन पुरेत.

तारखा. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. विश्वचषकाचा अंतिम सामना २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये जिंकून रोहित शर्माचा संघ तिथेच अडकून पडला, कारण बेरिल चक्रीवादळ आलं. तेच वादळ १ जुलैला ग्रेनेडाच्या कारियाकू बेटावरून गेलं आणि तिथे फार नुकसान झालं. संघाला आणायला खास विमान गेलं, आपल्याला येणार नाही. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा उत्तम आणि दर चढे. आपल्या शाळांची मेची सुट्टी मला सर्वांत सोयीची वाटते: गर्दीचा हंगाम ओसरलेला, वादळं अजून लांब, आणि ३० मे या भारतीयांच्या आगमनदिनी त्रिनिदादमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल तर दक्षिणेकडची बेटं निवडा. त्रिनिदाद, अरुबा, बोनेअर, कुरसाव ही वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत, आणि त्रिनिदादमध्ये दिवाळी ही राष्ट्रीय सुट्टीच आहे. पाऊस पडेल, पडू दे. त्रिनिदादचा कार्निव्हल मात्र आधी ठरवून करायची गोष्ट. ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचे सोमवार-मंगळवार, तेव्हा खोल्या महिनोन्महिने आधी जातात.

कागदपत्रांत बेटाच्या व्हिसापेक्षा वाटेतला व्हिसा जास्त छळतो. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद यांना भारतीय पर्यटकाचा आगाऊ व्हिसा सहसा लागत नाही (तरी तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळ उघडून खात्री करा), पण भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडनमध्ये हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर विमानतळाबाहेर पडावं लागतं, मग तिथलाही. प्वेर्तो रिको म्हणजे अमेरिकेचा व्हिसा. मार्टिनिक-ग्वादलूपला युरोपचा नेहमीचा शेंगेन पुरत नाही, त्या प्रदेशांसाठी वेगळा शिक्का लागतो.

पैशांचं थोडक्यात: बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, ग्रेनेडा, सेंट लुशिया, डॉमिनिकाचे २.७० म्हणजे एक. दर विचारताना 'कुठला डॉलर?' हे विचारायला विसरू नका.

बॅगेत लष्करी छापाचे कपडे नकोत, लहान मुलांचेही नाहीत. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादसह बऱ्याच बेटांवर त्यांना कायद्याने बंदी आहे. उपम्याचं पीठ आणि किटली नेणाऱ्यांसाठी: त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैकात वीज ११० ते ११५ व्होल्टची आहे, तिथे आपली किटली चौथाईच जोर लावते आणि चहाला अर्धा तास घेते. ग्रेनेडा, सेंट लुशियात २३० व्होल्ट, तिथे फक्त ब्रिटिश पिनचा अडॅप्टर न्या.

त्रिनिदाद ठरलं असेल तर आणखी एक काम, आणि ते आधी करायचं. हे बेट पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून घरी न जाता विलगीकरणात जावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, वेळ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. मग ते जन्मभर चालतं. वयस्कर मंडळींनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. प्रमाणपत्राचं ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. परतताना ते सामानाच्या पट्ट्याआधीच दाखवावं लागतं.