तापाचुलात आश्रय मागणाऱ्यांना मदत करताना

मेक्सिकोच्या दक्षिण सीमेवरील तापाचुला शहरात रोजगारासाठी निघालेले आणि जीव वाचवून आलेले लोक एकाच गर्दीत असतात. म्हणून कार्यकर्त्याने ‘कुठे जायचे आहे’ यापेक्षा ‘परत गेल्यास काय होईल’ हे आधी, एकांतात आणि नातेवाइकांना दुभाषी न करता विचारावे. टोळ्यांच्या खंडणीमुळे होंडुरास सोडलेला दुकानदारही पुष्कळदा ‘कामासाठी आलो’ एवढेच सांगतो, आणि तेवढ्यावर त्याला बाद करणे अन्यायाचे ठरते, कारण सार्वत्रिक हिंसाचारातून पळालेल्यांनाही मेक्सिकोचा २०११ चा कायदा निर्वासित मानतो. प्रवेशाची तारीख लगेच नोंदवावी. ‘कोमार’ या मेक्सिकोच्या निर्वासित आयोगाकडे त्या तारखेपासून ३० कामकाजाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो. त्यानंतर परवानगीविना चियापास (तापाचुला ज्यात आहे ते) राज्य सोडल्यास अर्ज मागे घेतल्याचे मानले जाऊ शकते, हे स्पष्ट बजावावे.