पुढून खट्ट खट्ट वाजायलंय? शॉकअप खोलायच्या आधी या चुका टाळा

ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याची काय हालत होते ते परभणी-गंगाखेडकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, आन् अशा रस्त्यावर मोटरसायकल पुढून वाजायला लागली की जो तो एकच सांगतो, शॉकअप गेले. मी पण ते ऐकून दोन्ही शॉकअपचं ऑइल, सील सगळं नवं टाकलं आन् दुसऱ्या दिवशी पहिल्याच ब्रेकरवर गाडी तशीच खट्ट वाजली. शेवटी निघाला ढिला कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते मानेतले छर्रे आन् वाट्या. नुसता नट आवळायचा होता, तेवढ्यासाठी चांगले शॉकअप खोलले.

म्हणून आधी आवाज कधी येतो ते नीट ऐका. पुढचा ब्रेक दाबला की एकदाच खट्ट होतं का, बारीक खडीवर सारखं टकटक वाजतं का, का ब्रेकरवरून उतरून पुढचं तोंड वर आलं की ठक्क होतं? हे तिन्ही वेगळे आजार आहेत. मेकॅनिकला नुसतं "पुढून वाजतंय" म्हणलं तर तो बिचारा अंदाजानंच खोलणार.

दुसरी चूक म्हणजे पुढचा ब्रेक दाबून गाडी मागं-पुढं हलवायची, खट्ट वाजलं की लगेच कोनसेटला दोष द्यायचा. डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये थोडे हलतातच, त्याचा पण टक आवाज येतो. ब्रेक सोडा, पुढचं चाक भिंतीला टेकवून गाडी ढकलून बघा, आवाज गायब झाला तर ब्रेककडं बघा. तरी आला तर गाडी डबल स्टँडवर घ्या, मागं एकाला बसवा म्हणजे पुढचं चाक उचलतं, मग दोन्ही शॉकअप खालून धरून मागं-पुढं ओढा आन् दुसऱ्याला हँडलच्या खाली, जिथं टी (दोन्ही शॉकअप धरणारा भाग) चेसिसला भिडते तिथं बोट ठेवायला सांगा. बोटाला झटका लागला तर कोनसेट. तिथं काही नाही पण शॉकअपचा पाइप जिथं बॉटममध्ये (खालच्या जाड नळीत) जातो तिथं हलतंय, तर त्या दोघांमधली कडी म्हणजे बुश घासलाय. काही गाड्यांत बुश सुटा मिळतो, काहींत बॉटमच बदलावा लागतो. चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवलं आन् लटलट केलं तर चाकाचं बेअरिंग.

कोनसेट निघाला की लोक तो असा गच्च आवळतात की विचारू नका. ही चूक मला सगळ्यात जास्त घाबरवते, कारण हँडल जड झालं की हळू वेगात गाडी साप चालल्यासारखी डुलते आन् छर्रे वाट्यांत खड्डे पाडतात. बरोबर आवळलेला कसा ओळखायचा, तर चाक अधांतरी ठेवून हँडलला मधून हलका धक्का द्या, ते आपल्या वजनानं दोन्ही बाजूला पडलं पाहिजे आन् खालून ओढल्यावर खट्ट नाही झालं पाहिजे. हँडल बरोबर मधोमध अडकतंय, सरळ रेषेत खाच लागते असं वाटलं तर आवळून काही होत नाही, पूर्ण सेटच बदलायचा. नवा सेट बसतो तसा थोडा ढिला होतो, ५०० किमीनंतर परत बघा.

ब्रेकरनंतर तोंड वर येताना ठक्क होत असेल तेव्हाच ऑइलचा संशय घ्या, त्यातही सीलपाशी ओल दिसली तर पक्कंच. काळ्या रानातून आल्यावर पाइपवर चिखल वाळतो, तोच सील कापतो, तो ओला असतानाच फडक्यानं पुसा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, दोन्ही बाजूला सारखं. इंजिनचं उरलेलं ऑइल ओतू नका, आन् जास्त भरलं तर शॉकअप चांगला राहील म्हणून तर बिलकुल नका, आत हवेला जागा राहत नाही आन् सील फुटतं.

आन् हो, मडगार्डचे बोल्ट, क्रॅश गार्ड, हेडलाइटची पट्टी, हँडलचे रबर बुश हे सगळ्यात आधी हातानं हलवून बघा. पंक्चर काढल्यावर आवाज सुरू झाला असेल तर सरळ पुढच्या एक्सलला पाना लावा, तो आवळताना शॉकअप दोन-चार वेळा दाबा आन् मगच एक्सलला धरणारा बाजूचा बोल्ट आवळा, नाहीतर दोन्ही शॉकअप तिरके बसतात.