आधी माणसं, मग मंजुरीपत्र: आंतरविद्याशाखीय गट काढणाऱ्या नव्या प्राध्यापकांसाठी

नव्यानं रुजू झालेले सहायक प्राध्यापक भेटले की हमखास विचारतात, "वेगवेगळ्या विभागांचा अभ्यासगट काढायचाय, ग्रँट कुठून मिळेल?" ग्रँटचं नंतर बघू. आपल्याकडे पैसे प्रकल्पाला मिळतात, चर्चासत्राला मिळतात. 'आम्ही सहा जण दर महिन्याला भेटून डोकं लावणार' यासाठी अर्जात रकानाच नसतो. तेव्हा पहिलं वर्ष बिनपैशाचं धरून चला. चहाला वर्गणी काढा.

पुण्यात हे जमतं. आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र विद्यापीठाच्या आवारातच आहे. पाषाणला एनसीएल ही रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञानसंस्था, येरवड्याला पुरातत्त्वाचं डेक्कन कॉलेज, बीएमसीसी रस्त्यावर अर्थशास्त्राची गोखले इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संस्था. परगावचे लोक ज्या माणसांना विमानाचं तिकीट काढून बोलावतात, ती आपल्याकडे रिक्षानं येतात. फक्त शनिवारी दुपारी बोलवा आणि दीड तासात सोडा.

गटाचं नाव 'शाश्वत विकास' वगैरे ठेवलंत तर तिसऱ्या बैठकीला तुम्ही आणि शिपाई दोघेच उराल. हाताला लागेल असं काहीतरी मधे ठेवा. आम्ही १२ जुलै १९६१ चा पूर घेतला. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. भूगोलाच्या सरांनी टेबलावर नकाशा पसरून पूररेषा दाखवली. इतिहासाच्या मॅडमनी नारायण पेठेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही रेषा वाड्याच्या कितव्या मजल्यापर्यंत येते?" सर गप्प. मग अर्थशास्त्रवाल्यानं विचारलं, खालच्या मजल्यावर भाडेकरू असतील तर भरपाई कुणाला मिळाली असेल, मालकाला की भाडेकरूला? पुढच्या बैठकीला कुणाला फोन करावा लागला नाही.

मोठं नाव अध्यक्ष म्हणून लावायचा मोह होईल. टाळा. निवृत्त ज्येष्ठ उद्घाटनाला येतात, शाल घेतात आणि वर्षभर त्यांच्या वेळेसाठी तुम्ही बैठका पुढे ढकलत बसता. सामंजस्य कराराचे फोटो काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मला खरी मदत झाली ती लेखा विभागातल्या भाऊसाहेबांची. त्यांना कुणी मेंटर म्हणत नाही, पण फाइल कुठं अडणार हे त्यांना आधीच दिसतं.

आता मुख्य मुद्दा. तो नीट वाचा, कारण यानं आमचं जवळजवळ एक वर्ष खाल्लं.

मंजुरीपत्र गटाच्या नावानं येत नाही. ते प्रमुख अन्वेषकाच्या, म्हणजे प्रकल्पाची जबाबदारी घेणाऱ्या प्राध्यापकाच्या नावानं येतं आणि रक्कम त्याच्या विभागाच्या खात्यावर पडते. तोवर सगळे 'आपला प्रकल्प' म्हणत असतात. त्या दिवसापासून तो कागदोपत्री एकाच विभागाचा होतो. प्रकल्प-सहायकाची जाहिरात तो विभाग काढतो आणि पात्रतेत स्वतःचा विषय टाकतो. आमच्याकडे 'एम.एस्सी. भूगोल' पडलं. दफ्तरखान्यातली मोडी कागदपत्रं वाचू शकणारी इतिहासाची मुलगी छाननीतच बाद झाली. सहअन्वेषकाला मुंबईच्या अभिलेखागारात जायचं, तर प्रवासाचं देयक एका विभागाचं आणि कर्तव्यरजा दुसऱ्या विभागप्रमुखांच्या हातात. त्यांचा प्रश्न रास्त होता: "माझ्या विभागाला यातून काय मिळतं?" खर्चाच्या एका हेडखालचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर आधी मान्यता हवी. मान्यतेची नस्ती फिरत असतानाच विभागप्रमुख बदलले. नव्यांनी टिपणीवर शेरा मारला, 'चर्चा करावी'. झालं.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

हे सगळं अर्ज पाठवण्याआधी मिटवता येतं, नंतर फार अवघड जातं. अंदाजपत्रकातच प्रत्येक विभागाचे उपशीर्ष वेगळे दाखवा. सहायकाच्या पात्रतेत 'एम.ए. किंवा एम.एस्सी., संबंधित विषय' असं लिहा आणि कोणते विषय संबंधित धरायचे तेही लिहा. प्रत्येक विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र घ्या, त्यात कर्तव्यरजेचा स्पष्ट उल्लेख हवा आणि पत्राला जावक क्रमांक हवा. तोंडी 'हो हो, करू या' या वाक्याची किंमत शून्य. सही करणाऱ्याचं नाव लिहू नका, पद लिहा. उपकरण घेणार असाल तर ते कुठल्या खोलीत राहणार आणि कुणाच्या जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) चढणार, तेही आत्ताच ठरवा. हे मागताना संकोच वाटेल. मागा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये आंतरविद्याशाखीय अभ्यास ही स्वतंत्र विद्याशाखा आहे, पण तिच्यावर विसंबू नका. तिथं मुख्यतः शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, शारीरिक शिक्षण असे विषय नांदतात. तुमच्या पूर-गटाला तिथं आपोआप जागा मिळत नाही.

पैशाचा क्रम मी असा सांगेन: आधी महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून लहानशी रक्कम, मग आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) चर्चासत्र, मग प्रकल्प. गटात विज्ञानवाले असतील तर २०२३ च्या कायद्यानं आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानही बघा. मानव्य आणि सामाजिक शास्त्रं जिथं विज्ञान-तंत्रज्ञानाला भिडतात, तो भाग त्या कायद्याच्या कक्षेत धरलेला आहे.

बढतीचं गणित तरुणांना कुणी सांगत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनुसार शोधनिबंधाचे दोनच लेखक असतील तर दोघांनाही त्याचे ७० टक्के गुण. दोनाहून जास्त झाले की पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. संयुक्त प्रकल्पात प्रमुख अन्वेषक आणि सहअन्वेषक यांना निम्मे-निम्मे. म्हणजे पाच जणांनी मिळून लेख लिहिला तर चार जण ३० टक्क्यांवर राबतात. कुठल्या लेखात कोण पहिला, हे पहिल्याच वर्षी कागदावर लिहा. ज्याची बढती जवळ आली आहे त्याला आधी संधी द्या. याला राजकारण म्हणणारे सहसा बढती घेऊन बसलेले असतात.

एवढं वाचून घाबरला असाल तर राहू द्या, घाबरू नका. यातलं बहुतेक काम चार पत्रांचं आहे, आणि आमचाही गट अजून भेटतो.

एकच तारीख डोक्यात ठेवा: ३१ मार्च. फेब्रुवारी लागला की देयकांची चवड घेऊन लेखा विभागात जाऊन बसा. अग्रिम (आगाऊ रक्कम) उचललेल्या प्रत्येकाचं समायोजन, म्हणजे बिलं लावून हिशेब मिटवणं, आधी करून घ्या, दुसऱ्या विभागातल्यांचं सगळ्यात आधी, कारण त्यांची बिलं हमखास कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतात. केंद्रीय अनुदान असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्चले याचा दाखला, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या १२-अ नमुन्यातच लागतं. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि सहायकाचा पगार त्याच हप्त्यातून व्हायचा असतो.