स्पॅनिशचा भविष्यकाळ: शेपूट कापू नका

वर्तमानकाळात ‘आब्लार’ (बोलणे) मधला ‘आर’ काढायची सवय लागलेली असते. तोच हात भविष्यकाळातही चालतो आणि घोटाळा होतो. नियमित क्रियापदांत इथे काहीच कापायचं नाही. अख्ख्या मूळ क्रियापदाला प्रत्यय जोडायचा: एऽ, आऽस, आऽ, एमोस, एइस, आऽन. म्हणजे आब्लारेऽ (मी बोलेन), आब्लाराऽस (तू बोलशील), आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लाराऽन. ‘कोमेर’ (खाणे) आणि ‘बिबिर’ (राहणे) यांनाही हेच सहा प्रत्यय, वेगळं पाठांतर नाही.

आघात मात्र सांभाळा. तो प्रत्ययावरच पडतो. ‘आब्लारा’ म्हणताना जोर ‘ब्ला’वर गेला, तर ते भविष्यकाळाचं रूप राहतच नाही. लिहिताना ‘एमोस’ सोडून पाचही प्रत्ययांवर तिरकी आघातरेघ हवी.

मराठी माणसाला एक गंमत आयती मिळते. आपण ‘तीन वाजले असतील’ म्हणतो तेव्हा भविष्य नाही, अंदाज सांगतो. स्पॅनिशमध्येही तसंच: ‘सेराऽन लास त्रेस’. इंग्रजीतून भाषांतर करण्यापेक्षा मराठीतून विचार केलेला बरा.