लोनची फाईल टाकायच्या आधी आपला सिबिल रिपोर्ट बँकवाल्याच्या नजरेने कसा वाचायचा

मागच्या वर्षी बदलापूरच्या फ्लॅटसाठी होम लोनची फाईल टाकली आणि पंधरा दिवसांनी बँकेतून फोन आला, मॅडम तुमच्या नावावर एक ओव्हरड्यू, म्हणजे थकबाकी, दिसतोय, आधी तो क्लिअर करा मग पुढे बघू. मला काही सुचेनाच, कारण डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपली कर्जं आणि हप्ते यांची नोंद, काढला तेव्हा कळलं की २०१९ मध्ये दादरला हप्त्यावर मोबाईल घेतला होता, हप्ते सगळे भरलेले, पण एकदा ऑटो डेबिट बाऊन्स झालं होतं त्याच्या दंडाचे २३६ रुपये बाकी राहिलेले, आणि तेवढ्यासाठी फायनान्स कंपनीने खातं बंदच केलं नव्हतं. म्हणून सांगते, आधी रिपोर्ट काढा मग फाईल टाका.

काढायचा कुठून, तर आपल्याकडे असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तो. त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवरूनच घ्या, भलत्याच ॲपमध्ये पॅन नंबर टाकत बसू नका. आणि चारही बघा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली एंट्री दुसरीकडे तशीच पडलेली असू शकते.

आता वाचायचं कसं. आपण सगळे पहिला स्कोअर बघतो, ३०० ते ९०० मधला आकडा, साडेसातशेच्या वर दिसला की खूश. पण बँकेत फाईल बघणारा माणूस तिथे थांबत नाही, तो खाली खात्यांवर, म्हणजे तुमच्या एकेक लोन आणि कार्डाच्या नोंदीवर जातो. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची चौकट असते, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची, आणि प्रत्येक महिन्यात एक आकडा. ०००  म्हणजे काही थकलेलं नाही, ०३० म्हणजे हप्ता तीस दिवस लेट, एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती कंपनीने पाठवलीच नाही. एखाद वेळी जुना लेट हप्ता असेल तर समजून घेतात, पण मागच्या सहा महिन्यांतला असेल तर विचारणारच. माझ्या त्या मोबाईलच्या खात्यात ३०, ६०, ९० करत आकडा चढतच गेला होता, रक्कम किती छोटी ते तिथे कोण बघतंय!

खात्याचं स्टेटस पण बघा. क्लोज्ड असेल तर उत्तम. सेटल्ड लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत, कंपनीने थोडे सोडून दिले, आणि पुढची बँक हे बघून मागे सरते. वसुलीवाला फोन करून "निम्मे भरा, मिटवून टाकतो" म्हणाला की आपल्याला ते बरं वाटतं, पण जमत असेल तर पूर्ण भरा आणि नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, हातात घेतल्याशिवाय सोडू नका. तुम्ही भावाला किंवा मित्राला जामीन राहिला असाल तर ते लोनही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं, हे खूप जणांना माहीतच नसतं.

शेवटी एन्क्वायरी. तुम्ही लोन किंवा कार्ड मागितलं की ती कंपनी रिपोर्ट काढते आणि त्याची तारखेसकट नोंद राहते. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले तर या माणसाला पैशाची फार नड आहे असा अर्थ निघतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअरला काही होत नाही. आणि एन्क्वायरीत अनोळखी नाव दिसलं तर लगेच जागे व्हा, तुमचा पॅन कोणीतरी वापरला असेल.

रिपोर्ट फक्त लोन देताना बघतात असं नाही. आधीपासून कार्ड असेल तर बँक मधूनमधून बघते आणि त्यावर लिमिट वाढवते किंवा कमी करते, होम लोनचा व्याजदर पण बऱ्याच बँकांत स्कोअरप्रमाणे ठरतो, म्हणजे शेजारच्याला कमी आणि तुम्हाला जास्त असं होऊ शकतं. बँकेच्या नोकरीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर हे नीटच बघा, स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत कर्ज थकवलेलं चालणार नाही अशी अट असते. घरमालक किंवा एजंट रिपोर्ट मागत असेल तर अख्खी पीडीएफ व्हॉट्सॲप करू नका, त्यात पॅन, जुने पत्ते, फोन नंबर सगळं असतं.

चूक सापडली तर सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीची तक्रार, टाका, पण सिबिल स्वतःहून काही बदलत नाही, ज्या कंपनीने माहिती पाठवली तिने हो म्हणावं लागतं, म्हणून तिलाही त्याच दिवशी मेल करा, पावती जोडून. मी आधी २३६ रुपये भरले, नो ड्यूज घेतलं, मग डिस्प्यूट टाकला. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत, त्यामुळे तक्रार केल्याची तारीख आणि नंबर जपून ठेवा. तरीही दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाईन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, आणि कुठे अडलं तर १४४४८ वर फोन करून विचारा. सगळं दुरुस्त झालं की नवा रिपोर्ट काढून स्वतः डोळ्यांनी खात्री करा, आणि मगच बँकेत फाईल घेऊन जा.