जादूचं पुस्तक पुन्हा वाचताना

पत्त्यांची जादू शिकवणारं पुस्तक पहिल्यांदा पत्ते हातात न घेता सलग वाचा. दुसऱ्या वाचनाला ५२ पत्त्यांचा कॅट घ्या. एका बैठकीत एकच प्रयोग, एक वाक्य वाचून तेवढीच हालचाल. दोन पत्ते एक म्हणून उचलायचे असतील, तर करंगळीची फट, म्हणजे त्या दोन पत्त्यांखाली करंगळीच्या टोकाने राखलेली बारीकशी जागा, आधीच धरलेली हवी. ऐनवेळी चाचपडलात की तुमची नजर हातावर जाते आणि पाठोपाठ प्रेक्षकांचीही. खरी चोरी इथेच पकडली जाते!

तिसरं वाचन सर्वांत मोलाचं. त्यात फक्त बोलायची वाक्यं आणि नजरेची दिशा समासात पेन्सिलीने लिहा. पुस्तकं बहुधा प्रेक्षक समोरच आहेत असं धरून चालतात. कोल्हापुरात पेठेतल्या गणपतीच्या मांडवात मात्र पोरं बाजूला, पाठीमागेही उभी असतात. म्हणून प्रत्येक प्रयोगापुढे ‘फक्त समोरून’ किंवा ‘चारही बाजूंनी’ अशी नोंद हवीच.